सत्काराची तारीख

मोठ्या आईला कोर्टात कधी कुणी खुर्ची दिली नव्हती. त्या दिवशी मात्र पहिल्या रांगेत दिली, वर पाठीला तिच्या नावाची चिठ्ठी.

"सहा वर्षं बाहेरच्या बाकावर पाठ मोडून घेतली, तेव्हा नाही कुणाला खुर्ची सुचली," ती सुनेला म्हणाली.

"आई, हळू. माईक चालू आहे."

"असू दे की. ऐकू देत."

घरात ज्यांच्या वाट्याला मार नाहीतर उपास येतो, अशा पोरांच्या बाजूने कोर्टात उभं राहायचं, तेही फुकट, हे मोठ्या आईचं काम. शाळा चौथीपर्यंत. अहवाल सून लिहायची, पण डोळे मोठ्या आईचे. न सांगता घरी जायची, चहाला नको म्हणायची आणि पोराला एवढंच विचारायची, "झोपायला कुठे असतोस?" पोर झोपतं कुठे ते कळलं की घर कळलं, असं तिचं म्हणणं. वकील हसायचे. हसेनात का!

सध्याची पोर आठ वर्षांची. दाराआड झोपायची, पायांत बूट घालून. सावत्र बाप उठला की पळायला बरं. तिला बालगृहात आणलं, तरी बूट काही पायांतून निघेनात. मोठी आई रोज संध्याकाळी तिच्या कॉटवर जाऊन बसायची. "इथे कोण येतंय तुझ्या अंगावर? मी आहे ना? काढ बघू."

दोन महिन्यांनी पोरीने बूट काढले आणि कॉटखाली जोडीने ठेवले. त्या दिवशी घरी येऊन मोठ्या आईने सुनेच्या भाजीला नावं ठेवली नाहीत.

बालगृहात ठेवायचा हुकूम आज संपत होता. सुनावणी अकराला, अहवाल पिशवीत. आणि सत्कारही अकरालाच. "तुम्ही सगळे आज इथेच असता ना, म्हणून आजचाच दिवस धरला," असं कारकून आठवड्यापूर्वी म्हणाला होता. आधी काय, नंतर काय, हे मोठ्या आईने विचारायला हवं होतं. पण मान मिळतोय म्हटल्यावर तिने सकाळी दोनदा केस विंचरले, आणि विचारायचं राहून गेलं.

कारकून हार-गुच्छ सांभाळत जवळून गेला, तेव्हा तिने त्याची बाही धरली.

"माझ्या पोरीचा पुकारा कधी?"

"आज कसलं काम, मोठी आई! तुमच्याच सन्मानासाठी सगळ्या तारखा वीस दिवस पुढे ढकलल्यात."

"आणि हुकमाची मुदत? ती वाढवली का?"

कारकुनाने गुच्छाकडे बघितलं.

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. न्यायाधीशांनी काचेचं सन्मानचिन्ह पुढे केलं. ते न घेता ती माईकवरच म्हणाली, "साहेब, हे राहू द्या. सही द्या एक. आज पोर गेली तर परत त्या माणसाच्या हाती जाईल."

न्यायाधीश हसले. "बघा, याला म्हणतात तळमळ!"

सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. त्या गडबडीत सन्मानचिन्ह तिच्या हातात देऊन ते खाली वाकून म्हणाले, "व्यासपीठावर मला खटला ऐकता येत नाही. रीतसर अर्ज द्या."

अर्जाची खिडकी बंद होती. आतला माणूस सभागृहात टाळ्या वाजवत होता.

ओसरीत बालगृहाची बाई पोरीचा हात धरून उभी होती. "मुदत संपली हो. ठेवून घेतलं तर आमच्यावरच केस होईल," ती खाली बघत म्हणाली. सावत्र बापाच्या हातात वकिलाचा कागद होता, भांग नीट पाडलेला होता. त्याने मोठ्या आईच्या हातातल्या सन्मानचिन्हाकडे बघून मान हलवली.

"अभिनंदन हं, आजी."

 सन्मानचिन्ह सुनेच्या हातात कोंबून मोठी आई पोरीपुढे खाली बसली. एका बुटाची नाडी सुटली होती.

"तू म्हणाली होतीस, मी आहे ना," पोर म्हणाली.

"उद्या खिडकी उघडायच्या आधी मी तिथे उभी असेन."

"आणि आज?"

मोठ्या आईने नाडी ओढली, गाठ मारली, त्या गाठीवर आणखी एक मारली. मग तिने दुसरा बूटही तसाच बांधला.

"आज झोपताना काढू नकोस," ती म्हणाली.