दुसरी वायर

रविवारी माझ्या सासूबाई त्यांच्या मुलाकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. तोंडाने सांगणं जमेना, म्हणून मी टीव्हीची दुसरी वायर ओढायला घेतली.

या दोन गोष्टींचा काय संबंध, ते आधी सांगतो.

सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. घरात टीव्ही एक. संध्याकाळी त्यांची मालिका आणि माझा फुटबॉलचा सामना नेमके एकाच वेळी यायचे. मध्ये बायको बसायची आणि रिमोट तिच्या हातात असायचा. मालिकेत जाहिराती लागल्या की सामना, सामन्यात कुणी पाय धरून लोळायला लागला की मालिका. "आई, तुझा वकील अजून जिन्यातच आहे गं, काळजी करू नकोस," असं ती तिकडे सांगायची आणि "अहो, गोल झाला असता तर शेजारचे ओरडले असते," असं इकडे. आम्ही दोघंही तिच्यावर खेकसायचो, पण कुणाचं काही बुडायचं नाही.

ती वारली, आणि त्यानंतर आम्ही दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसायला लागलो.

"लावा तुमचा सामना," सासूबाई म्हणायच्या.

"नको नको, तुमची मालिका लावा."

"अहो, माझं काय एवढं. तुम्ही बघा."

"तसं काही नाही आई, तुम्ही बघा."

मग आम्ही बातम्या बघायचो. बातम्या दोघांनाही नको असायच्या. एवढं सौजन्य आमच्या घरात कधी नव्हतं, आणि त्याने जीव नकोसा व्हायचा.

एका संध्याकाळी बातम्या चालू असतानाच त्या म्हणाल्या, "मी मुलाकडे जाईन म्हणते. माझ्यापायी तुमचे सामने बुडतात."

मी म्हणालो, "बरं."

का म्हणालो कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत बॅग उघडी दिसली आणि मेहुण्याचा फोन आला की रविवारी गाडी घेऊन येतो. मेहुणा चांगला आहे, त्याची बायकोही चांगली आहे. तिकडे त्यांचे हाल झाले असते असं मी म्हणणार नाही. पण मला या घरात त्या हव्या होत्या. सकाळी उठून कुणाच्या तरी चपलांचा आवाज यायला हवा होता. माझ्या बायकोचं नाव कुणीतरी सहज घ्यायला हवं होतं, आणि ते घेणारं आता दुसरं कोण होतं?

टीव्हीखाली एक रेकॉर्डर होता. बायकोनेच घेतला होता, आमच्या भांडणावर औषध म्हणून. एक कार्यक्रम बघताना दुसरा तो साठवून ठेवतो. पण त्यासाठी छपरावरच्या डिशपासून त्याला दोन वायरी लागतात. बसवायला आलेल्या माणसाने एक जोडली, दुसरी नंतर जोडतो म्हणाला आणि पुन्हा फिरकलाच नाही. पुढे बायको आजारी पडली. मग वायरीचं कुणाच्या लक्षात राहतंय.

मी मनाशी म्हटलं, सामने बुडतात हे कारण आहे ना? मग कारणच काढून टाकू.

दुकानात फोन केला तर म्हणाले, माणूस पुढच्या आठवड्यात येईल. पुढच्या आठवड्यात येऊन काय उपयोग? मी जन्मभर छापखान्यात मशीन चालवलं. कागद अडकला, पट्टा तुटला, तर कुणाची वाट बघत बसलो नाही. स्वतःच करायचं ठरवलं.

पहिल्यांदा चुकलो. मला वाटलं, आहे त्या वायरीलाच दोन फाटे फोडू. बाजारातून तशी जोडणी आणली, एक फाटा रेकॉर्डरच्या पहिल्या तोंडाला, दुसरा दुसऱ्या तोंडाला. चित्र आलं. मी खूश. सामना रेकॉर्डिंगला लावला आणि सासूबाईंची मालिका लावली, तर सामना गायब. सामना लावला तर मालिका गायब. पुन्हा दुकानात गेलो. दुकानदार हसला.

"काका, हे पाण्याच्या नळासारखं नाही. डिशवरचा तो डबा एका वायरीतून एका वेळी अर्धेच चॅनल सोडतो. तुमची रेकॉर्डरची पेटी मागेल ते अर्धे. दोघांनी वेगवेगळ्या अर्ध्यातलं मागितलं की एक उपाशी. दोन वायरी थेट डिशपर्यंतच न्या. वर डब्याला दोन तोंडं आहेत ना?"

होती. दुसऱ्या तोंडावर रबरी टोपण तसंच होतं. मी वायरीचं भेंडोळं घेऊन घरी आलो.

आमची वायर गच्चीवरून भिंतीतल्या पाइपातून उतरते, सासूबाईंच्या खोलीत कपाटामागे निघते आणि तिथून हॉलमध्ये जाते. म्हणजे त्यांचं कपाट सरकवणं आलं. मी दारात उभा राहून विचारलं.

"सरकवा," त्या म्हणाल्या. "माझं रिकामंच आहे आता."

बॅग पलंगावर होती, भरलेली. मी तिच्याकडे बघितलं नाही. कपाट ओढलं. मागे कोळ्यांची जाळी, एक हरवलेला कंगवा आणि भिंतीतून बाहेर आलेली काळी वायर.

जुन्या वायरीच्या टोकाला नव्या दोन वायरी बांधायच्या आणि वरून जुनी ओढून घ्यायची, की नव्या आपोआप वर येतील, असा माझा बेत होता. चांगली घट्ट गाठ मारली, वर गेलो आणि ओढायला लागलो. थोडी आली आणि अडकली. मी पाय भिंतीला लावून हिसका दिला. जुनी वायर एकटीच वर आली आणि मी गच्चीवर बसलो तो बसलोच.

खाली आलो तर सासूबाई कपाटामागे वाकून बघत होत्या.

"दोन्ही इथेच आहेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे आता बातम्यापण गेल्या."

माझी कंबर ठणकत होती. त्यांनी पाइपातून परत खाली घसरलेली गाठ उचलून बघितली.

"ही गाठ मारलीत? पायजम्यात नाडी ओवताना कुणी असा गठ्ठा बांधतं का? कोपऱ्यात अडकणारच."

"वायर आहे आई, नाडी नाही."

"ओवायचं ते सगळं सारखंच. एक टोक पुढे ठेवा, दुसरं त्याच्या मागे. वरून पट्टी गुंडाळत जायची, पुढे बारीक, मागे जाड."

बरोबर होतं ते. पण जुनी वायर निघाल्यामुळे आता पाइपात ओढायला काहीच उरलं नव्हतं. मी गच्चीवर जाऊन कपडे वाळत घालायची तार सोडली. ती कडक असते, ढकलली की जाते.

"आणि कपडे कुठे वाळत घालायचे?" खालून विचारणा झाली.

"रविवारनंतर माझ्या एकट्याचे किती असणार?" मी वरून ओरडलो.



तार वळणावर दोनदा अडली. मी ती काढली, टोक मुडपलं, पुन्हा घातली. हात सोलवटले. तार काही केल्या उतरेना, आणि मी काही केल्या उठेना. फिरवत, खालीवर करत एकदाची ती उतरली.

"आली! आली!" सासूबाई ओरडल्या. एवढा मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

वायरी त्यांनीच बांधल्या, त्यांच्या पद्धतीने. मी वरून ओढायचं, त्यांनी खालून सोडत राहायचं.

"ओढा हळूहळू. अहो, हळू म्हटलं ना. हां. येऊ द्या. अहो थांबा, भेंडोळं अडकलं. थांबा! अरे थांब! ओढू नकोस म्हणतेय ना, बहिरा आहेस का? गुंता झालाय इथे!"

मी हात जिथल्या तिथे थांबवला.

मला त्यांनी कधी एकेरी हाक मारली नव्हती. लग्न ठरलं त्या दिवसापासून मी अहो आणि तुम्ही. बायको त्यावरून त्यांना चिडवायचीसुद्धा.

"सोडवला गुंता," खालून आवाज आला. "ओढ आता. झोपलास का रे वर?"

मी ओढलं. वायरी मुकाट वर आल्या.

पुढचं काम नाजूक होतं. वायरीचं साल काढायचं, आतली जाळी मागे वळवायची, मधली तांब्याची तार सरळ ठेवायची आणि टोकाला पितळी टोपी फिरवून बसवायची. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी चित्र येत नाही. माझा एक केस लागलाच. दुसऱ्या वायरीवर काही दिसेना. मी वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. शेवटी बायकोचं शिवणातलं भिंग काढून बघितलं, तेव्हा तो केस सापडला.

संध्याकाळी दोन्ही चालू झालं. पडद्यावर सासूबाईंचा वकील बोलत होता आणि कोपऱ्यात लाल ठिपका होता, म्हणजे माझा सामना आत साठत होता. एकामुळे दुसऱ्याचं काही अडत नव्हतं.

सासूबाईंनी चहा आणला. "छान झालं हो," त्या म्हणाल्या. "आता निवांत सामने बघता येतील तुम्हाला."

परत अहो. परत तुम्ही. मी चहाचा कप खाली ठेवला. वायर ओढून झाली होती, आणि पलंगावरची बॅग जशीच्या तशी होती.

"आई, तुम्ही जाऊ नका," मी म्हणालो.

त्या टीव्हीकडे बघत राहिल्या.

"मी सामन्यासाठी वायर ओढली नाही. सामने गेले खड्ड्यात. तुम्हाला इथून जायला कारण उरू नये म्हणून ओढली."

"कारण सामन्याचं नव्हतंच," त्या म्हणाल्या. "काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. मी या घरात राहत होते ती माझ्या मुलीची आई म्हणून. मुलगीच नाही, तर कुणाची कोण म्हणून राहू? आणि तुम्हीपण बरं म्हणालात."

"चुकलं माझं. तोंडातून निघून गेलं."

"सगळ्यांना तोंड दिलंय देवाने. वायरीच कशाला लागतात बोलायला?"

"मघाशी मला बहिरा म्हणालात."

"ते कामाच्या भरात हो. मनावर घेऊ नका."

"मनावरच घेतलंय. कामाच्या भरात मी अरे होतो आणि चहाला पुन्हा अहो. मग मी रोज एक काम काढतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत. वकील काय बोलत होता ते आम्ही दोघांनीही ऐकलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "आधी वरचं भोक बुजवा. पाली येतील माझ्या खोलीत."

एवढंच. 'हो' नाही की 'नाही' नाही. मी पांढरं सिमेंट कालवलं आणि गच्चीवर गेलो. पाइपाच्या तोंडाशी गुडघे टेकून बोटाने सिमेंट भरायला घेतलं, तर पाइपातून आवाज आला. सासूबाई खोलीत फोनवर बोलत होत्या.

"नको येऊस रे रविवारी... नाही, पुढच्याही नको... तब्येत बरी आहे, तब्येतीला काय धाड भरलीये... अरे, कारण कशाला लागतं?... लोकांचं काय, लोक काय मला इथे जेवायला घालतात?... तो वर गच्चीवर आहे. हात सोलून घेतलेत नुसते, आणि तोंडाने म्हणशील तर..." मध्येच त्या थांबल्या. नाक ओढल्याचा आवाज आला. "एकदाचं बोलला बाबा. बघ, तुझ्या बहिणीलाही त्याला बोलतं करायला वर्ष लागलं होतं."

मी सिमेंटचं बोट तसंच धरून बसलो. भोक बुजवलं असतं तर आवाज बंद झाला असता.