नवी लहर, पारगाव

अक्षरं बोटभर उंचीची, निळ्या स्केचपेननं काढलेली, आणि एका ओळीवर ओला हात लागून शाई पसरलेली... सयाजीच्या बायकोनं, इंद्रायणीवहिनींनी, तो कागद पुढं केला तेव्हा राजमहंमदला आधी रागच आला. हे शब्द सयाजीचे होते — त्र्याऐंशी साली जुन्नरच्या एसटी स्टँडवर बसून त्यानंच लिहिलेले — आणि आता ते त्यालाच वाचून गावे लागणार.

"घोडेगावच्या कार्यक्रमात एकच कडवं तीनदा म्हनलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "लोकांना वाटलं, मुद्दाम. तुमाला तरी कळलं का न्हाई, भाऊ?"

कळलं होतं. कळूनही त्यानं पारगावची तारीख घेतली होती. सिनेमाची गाणी नाकारून, सिंथेसायझरवर स्वतःची गाणी वाजवणारा त्याचा आणि सयाजीचा 'नवी लहर' बँड मोडल्यावर चौदा वर्षं त्यानं घड्याळं दुरुस्त केली. आता कुठं लोक पुन्हा नाव घेत होते... मी का थांबायचं?

"बंद करू का मग, वहिनी?"

वहिनींनी कागद त्याच्या हातात ठेवला. "नका. गायले की तेवढा दिवस मला नावानं हाक मारत्यात."

संध्याकाळी साखर कारखान्याजवळच्या मैदानात मळीचा वास दाटला होता. दोन गाणी नीट झाली. तिसऱ्यात सयाजी थांबला. कागद समोरच चिकटवलेला. तो त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचं पत्र असावं तसा बघत होता. मग त्यानं मागं वळून पाहिलं. डोळ्यांत घाबरणं नव्हतं — तेच भयंकर होतं. राजमहंमदची बोटं तेच चार सूर फिरवत राहिली, आणि मग त्याचंच तोंड उघडलं... "तू आपला वाजव, राजू," असं सयाजी एकदा तालमीत सगळ्यांसमोर हसून म्हणाला होता, त्यानंतर राजमहंमद घरीसुद्धा कधी गुणगुणला नव्हता. आज त्यानं अख्खं कडवं गायलं. लोक उभे राहिले.

कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या पायऱ्यांशी सयाजीनं त्याचा हात धरला.

"पावणं, लई ग्वाड गळा हाय तुमचा. कुठलं गाव?"

"जुन्नर."

"आमी पन जुन्नरचेच की."

वहिनींनी तोंड फिरवलं. राजमहंमदच्या काळजात काहीतरी तुटायला हवं होतं. तुटलंही — पण नंतर. त्याच्या आधी, क्षणभर, त्याला बरं वाटलं होतं, सयाजीनं अखेर त्याचा गळा कबूल केला म्हणून... आणि सयाजीचा गार हात हातात घेऊन उभा असताना त्याला कळत होतं की तो क्षण अजून सरलेला नाही, मीच तो सरू देत नाही.