बटणपट्टीतली लाल खूण

माझ्या धाकट्याचं चरित्र लिहायला कुणी बाई येणार आहे, असं कळलं तेव्हा मला हसू आलं. त्याचं चरित्र मी गेली वीस-बावीस वर्षं धुते आहे.

तो गातो. गातो म्हणजे मनगटांना काटेरी पट्टे बांधून, केस तोंडावर सोडून, माइक गिळायला निघाल्यासारखा किंचाळतो. खाली हजारो पोरं-पोरी माना झटकत असतात. रॉक म्हणतात त्याला. दौरा संपला की त्याचे कपडे पेटीतून माझ्या लाँड्रीत येतात. मुलाखतीत सांगतो, "मला आईच्याच हातचं धुणं लागतं." स्वतः मात्र चार-चार वर्षं उंबरा चढत नाही. पेटी उघडली की आधी वास अंगावर येतो. शिळा घाम, दारू, धूर आणि या सगळ्यावर ओतलेलं गोडमिट्ट अत्तर. मी नाकाला फडकं बांधते आणि मग हात घालते.

पहिल्या बायकोची लिपस्टिक विटकरी होती, कायम खांद्यावर असायची. मग एका दौऱ्यानंतर गुलाबी आली आणि ती खांद्यावर नव्हती. मी थोरल्याला म्हटलं, "हिचा संसार उठला." सहा महिन्यांनी पेपरात आलं. दुसऱ्या लग्नानंतर एका जाकिटावर दुधाच्या ओकारीचा डाग सापडला. मी आजी झाल्याचं मला असं कळलं. त्या एका डागाला मी औषध लावलं नाही, नुसत्या कोमट पाण्याने धुतला. पुढच्या पेट्यांत तो पुन्हा दिसला नाही. मूल मोठं झालं असेल म्हणून मी मनाची समजूत घातली. पण नाही, तेही घर मोडलं होतं.

हे सगळं मी गिळलं. डाग काढणाऱ्या बाईने डागाला नाक मुरडून भागत नाही.

खोटेपणाची मात्र मला शिसारी येते. बापाने पट्ट्याने फोडून काढलं, असं एक त्याचं गाणं आहे, त्यावर लोक रडतात. त्याचा बाप तो पाळण्यात असतानाच गेला. बिचारा पट्टा वापरतच नव्हता, नाडी बांधायचा. दुसरी थाप गुरूची. म्हणे बंदरावर एक आंधळा गवई भेटला, त्याने रात्रंदिवस शिकवलं आणि मरताना अंगातला काळा शर्ट काढून याच्या अंगात घातला. तो बिनबाह्यांचा काळा शर्ट घालून हा पहिल्यांदा गायला. भिंतीभिंतीवर त्याच शर्टातले फोटो चिकटलेले असतात.

बंदर इथून गाडीने दीड दिवस लांब आहे. धाकटा वीस वर्षांचा होईपर्यंत एक रात्रही घराबाहेर झोपला नव्हता.

त्याला गाणं लागलं ते आमच्या इस्त्रीच्या खोलीत. थोरला उभ्या-उभ्या इस्त्री करायचा आणि फळीवरच्या रेडिओवर परकी गाणी लावायचा. शब्द कळायचे नाहीत, तरी उचलायचा. धुण्याच्या मोठ्या यंत्राचा एक पाय आखूड होता, ते धडधड-धड, धडधड-धड असं चालायचं. थोरला त्या ठेक्यावर गायचा, आणि धाकटा कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून तोंड उघडं टाकून ऐकायचा. आज धाकटा ज्या किंकाळीवर पैसे घेतो ती तर सरळसरळ थोरल्याची आहे. एकदा त्याच्या तळहाताला तापलेली इस्त्री लागली तेव्हा तो तसा ओरडला होता. पोळलेल्या हाताचं ओरडणंही धाकट्याने सोडलं नाही.

पण हे मी कुणाला बोलले नाही. आपलंच दुकान, आपलीच दोन पोरं.

गेल्या सोमवारी त्याचा माणूस आला. हा माणूस त्याचे फोन उचलतो आणि त्याच्या वतीने हसतो. कागदात गुंडाळलेला तो काळा शर्ट त्याने टेबलावर ठेवला; आजवर तो एकाही पेटीतून आला नव्हता.

"आजी, हा मोठ्या सभागृहात काचेच्या पेटीत लावायचाय. वास काढून द्या. बाकी काही करू नका. परवा अकराला पुस्तकवाल्या बाईंना घेऊन साहेब स्वतः येतील. तुम्ही त्या बंदरावरच्या गुरूंबद्दल दोन शब्द बोलायचे."

"मी कधी पाहिलं त्याला?"

"साहेब सांगतील तसं बोला ना."

मी पावती फाडली. पोराचा कपडा असला तरी माझ्याकडे पावती लागते.

आमच्या दुकानात कुठलाही कपडा पाण्यात जायच्या आधी दिव्याखाली उलटा करून तपासला जातो. खिसे, शिवणी, बटणं. मला वाचता-लिहिता बेताचंच येतं, म्हणून गिऱ्हाइकांच्या खुणा मी टाक्यांनी घालते. कुणाचे दोन आडवे टाके, कुणाची फुली, कुणाची चौकट. खूण कॉलरच्या आत असते. पण लबाड लोक ती उसवून दुसऱ्याचा कपडा आपला म्हणून सांगायला लागले, तेव्हापासून मी आणखी एक खूण बटणपट्टीच्या घडीत घालते, खालून दुसऱ्या काजाजवळ. ती मी कुणालाच दाखवली नाही, पोरांनाही नाही. आणि दोरा नायलॉनचा. सुती कपडा रंगवला तरी नायलॉन रंग पीत नाही.

शर्टाची कॉलर उलटली. तिथे टाके उसवल्याची बारीक भोकं होती. पट्टीची घडी उकलली. आत सगळं काळं, आणि त्या काळ्यात लाल, काल घातल्यासारख्या, दोन फुल्या आणि खाली एक आडवा टाका.

ती माझ्या थोरल्याची खूण.

शर्ट मुळात आकाशी होता. लांब बाह्यांचा. थोरल्याचा एकुलता एक चांगला शर्ट.

सव्वीस वर्षं झाली. गाण्यांच्या कंपनीचा माणूस गावात आला होता आणि थोरल्याला दुपारी दोनला बोलावलं होतं. सकाळी शर्ट दोरीवर होता, बाराला नव्हता. आम्ही दुकान उलटंपालटं केलं. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांचे शंभरेक शर्ट टांगलेले होते, कडक इस्त्रीचे, त्याच्या मापाचे पंचवीस तरी असतील. त्यातला एक घातला असता तर कुणाला कळलं असतं? पण गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही, ही माझी शपथ होती, पोरांना दूध पाजल्यासारखी पाजलेली. थोरला माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "नाही." तो बनियनवर बसून राहिला. धाकटा म्हणाला, "दादा, मी जाऊन सांगून येतो की तू उद्या येशील." गेला तो तिन्हीसांजेला परत आला, आणि त्याला कंपनीने घेतलं होतं.

पुढे डाग काढायच्या औषधाच्या वाफेने थोरल्याचा घसा बसला तो बसलाच. आता तो कुजबुजल्यासारखा बोलतो.

आणि शर्टाचं खापर मी घारीवर फोडलं. घारी आमच्याकडे धुणं करायची, डोळे घारे म्हणून घारी. अकरा वर्षं होती. शर्टाला पाय फुटले का, असं विचारत मी तिला चार गिऱ्हाइकांसमोर उजव्या हाताने कानाखाली मारली आणि हाकलली. तिने पोरांची शपथ घेतली. मी म्हटलं, "चोरटीच्या पोरांची शपथ मला नको."

मी थोरल्याला हाक मारली. त्याने दिव्याखाली पट्टी पाहिली, अंगठ्याने फुल्या चाचपल्या.

"बाह्या का कापल्या त्याने?" एवढंच म्हणाला.

"कापल्या नसत्या तर तू ओळखला असतास."

त्याने पट्टीची घडी पुन्हा मिटली. मग म्हणाला, "आई, परवा बोलू नकोस काही. एवढ्या लोकांचा तो आहे आता."

"आणि तू कुणाचा आहेस?"

तो इस्त्रीकडे वळला. मला त्याच्या त्या वाकलेल्या पाठीचीही चीड आली.

बुधवारी ठरल्याप्रमाणे सगळे आले. धाकट्याने घरातही काळा चष्मा काढला नव्हता. वाकून नमस्कार करायला गेला तर गळ्यातल्या साखळ्या माझ्या पायावर आपटल्या. पुस्तकवाली बाई बारीक, साधी, हातात वही. तिला मी खुर्ची दिली. धाकट्याला दिली नाही.

"आजी, त्यांच्या गाण्यावर सगळ्यात मोठा प्रभाव कुणाचा?" तिने विचारलं.

"आई, ते बंदरावरचे..." धाकटा सुरू झाला.

"तू थांब. तुझा कपडा तयार आहे. पावती दे."

"अगं, पावती कसली मागतेस मला?"

त्याच्या माणसाने पावती काढून दिली. मी शर्ट टेबलावर पसरला, पट्टीची घडी उकलली.

"हे काय आहे?"

त्याने चष्मा काढला. त्याचे डोळे सुजलेले होते, बुबुळांभोवती पिवळट. लहानपणी चोरून साखर खाताना पकडला की जसा ओठ चाटायचा, तसा त्याने ओठ चाटला.

"खूण आहे कसलीतरी. आंधळ्या माणसाने कुठेही धुवायला दिला असेल."

"आंधळ्याचा शर्ट दीड दिवसाच्या वाटेवरून माझ्या लाँड्रीत यायचा काय रे, तुझ्या दादाची खूण घालून घ्यायला?"

पुस्तकवाली लिहायची थांबली.

"आई, जुन्या गोष्टी..." त्याने थोरल्याकडे पाहिलं. "दादा, तूच सांग हिला. तुला कुठे जायचं होतं तेव्हा? तू किती घाबरला होतास. मी गेलो नसतो तर कुणीच गेलं नसतं आपल्यातलं."

थोरला इस्त्रीच्या खोलीच्या दारात उभा होता. तो म्हणाला, "घाबरलो होतो. तरी जाणार होतो." एवढं हळू, की पुस्तकवालीला पुढे वाकावं लागलं.

"शर्ट दे, आई," धाकटा म्हणाला. "उद्या पेटीत लावायचाय. मी दादाचं नाव कुठेतरी घालतो. आभारांत."

आभारांत. मी या पोराला नऊ महिने पोटात ठेवलं होतं.

"पावतीवर कपडा खूण असलेल्याला मिळतो," मी म्हटलं. "सगळ्या गावाला माहीत आहे. या कपड्याला खूण त्याची आहे." आणि शर्ट थोरल्याच्या हातात दिला.

धाकटा बराच वेळ बोलला. आधी गोड, मग मोठ्याने, मग पत्रकारांसमोर मी वेडी झालेय असं सांगीन म्हणाला. मी त्याच्या दौऱ्याच्या कपड्यांची पेटी त्याच्या माणसाच्या पायाशी ढकलली. "आणि हे धुणं दुसरीकडे टाका. माझ्या यंत्राला वास लागतो."

ते गेले. पुस्तकवाली बसून राहिली. म्हणाली, "आजी, मग त्या वेळी शर्ट कुणी नेला असं वाटलं होतं तुम्हाला?"

मी धाकट्याचा सगळा चिखल तिच्यापुढे ओतला होता, आणि हा एक लोटा स्वतःसाठी झाकून ठेवला होता. तो उघडताना आला तेवढा घाण वास मला कुठल्याच पेटीतून आला नव्हता. घारीला मी काय म्हटलं, किती लोकांसमोर म्हटलं, कुठल्या हाताने मारलं, सगळं सांगितलं. तिने लिहून घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही, ते बरं केलं.

ती गेल्यावर मी थोरल्याला म्हटलं, "घारी असेल का रे अजून?"

"आहे. बाजाराच्या मागे राहते. मी जातो कधीमधी."

"मला कधी बोलला नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"माझ्याबद्दल काय म्हणते?"

त्याने शर्टाची घडी घातली. बाह्या नव्हत्या, तरी सवयीने हात बाह्या दुमडायला गेले.

"तुझ्याबद्दल काही नाही. दर वेळी एकच विचारते. शर्ट सापडला का."

मी दुकानाचं अर्धं दार ओढलं. तिच्या पुढ्यात काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं, आणि ती दारातूनच परत पाठवेल हेही दिसत होतं. पाठवू दे. थोरल्याने शर्ट कागदात गुंडाळला. मी म्हटलं, "कागद काढ. रस्त्याने लोकांना दिसू दे." आणि तो शर्ट मी हातात घेतला, त्याच उजव्या हातात.