कोलंबीच्या साली

"दादा, आजचाही प्रयोग फेल गेला तर सर बोललेत, हे काम बंद," किर्ती म्हणाली. हिरामणने नळीचा सांधा पान्याने आणखी थोडा आवळला.

आनंदनगर एमआयडीसीतल्या या कंपनीत हिरामण फिटर होता. इथे नारळाच्या करवंट्यांपासून कार्बन बनायचा. त्याच्या दाण्यांवर कोलंबीच्या सालींतून काढलेला लेप चढवला, तर तो धुरातला कार्बन डायऑक्साइड जास्त धरून ठेवील, असं प्रयोगशाळेत काम करणाऱ्या किर्तीचं म्हणणं. साली यायच्या उल्हासनगर कॅम्प पाचमधून, मासळी विकणाऱ्या पुतळाबाईकडून. ही गाठ हिरामणनेच घालून दिली होती.

आणि आज पुतळाबाईच दारात उभी होती, हातात झाकलेली बादली.

"काल तू आला नाय. वास सुटंल म्हनून मीच आले."

"वहिनी, आत या ना," हिरामण गडबडून म्हणाला.

पूर्वी तो पंप दुरुस्त करायचा. बारवी धरणाजवळच्या एका पाड्यात विहिरीत उतरला आणि खाली साचलेल्या वायूने बेशुद्ध पडला. वर त्याचा जोडीदार होता, जनू, पुतळाबाईचा नवरा. तो उतरला आणि स्वतःच्या कमरेचा दोर सोडून त्याने हिरामणला बांधला. लोकांनी हिरामणला ओढून घेतलं. दोर पुन्हा खाली सोडला, तो सैलच वर आला.

तेव्हापासून हिरामण पुतळाबाईकडे जात राहिला. कधी नळ बसवला, कधी पत्रे बदलले. जे बोलायचं होतं ते मात्र कधी तोंडातून निघालं नाही.

किर्तीने पुतळाबाईला स्टूल दिलं. "मावशी, तुमच्याच सालींचं आहे हे. बघा."

तिने आधी साध्या कार्बनमधून वायू सोडला. नळीच्या टोकाशी चुन्याची निवळी होती. बुडबुडे आले आणि जरा वेळाने निवळी दुधासारखी झाली, म्हणजे वायू कार्बनमधून निसटून पुढे आला होता.

"ह्यो कसला वायू?" पुतळाबाईने विचारलं.

किर्ती सांगायला लागली, चिमण्या, धूर, वाढणारी उष्णता. पुतळाबाईचं लक्ष हिरामणकडे होतं. त्याने मान खाली घातली.

"हिरीत होता, त्यो?"

"होय वहिनी. त्यातलाच."

किर्ती बोलता बोलता थांबली. मग तिने लेप चढवलेल्या कार्बनची नळी जोडली आणि तेवढाच वायू सोडला.

बुडबुडे येत राहिले. निवळी स्वच्छ. मघाचा वेळ उलटून गेला, तरी स्वच्छ. किर्तीने ओठ दाबून धरले होते. हिरामण पाना हातात घेऊन तसाच उभा होता.

"धरला!" किर्ती एकदम ओरडली. "दादा, धरला रे!"

"माज्या घरच्या सालींनी?" पुतळाबाईने विचारलं.

"हो मावशी. तुमच्याच."

किर्ती सरांना बोलवायला धावली. खोलीत दोघंच राहिली.

"वहिनी," हिरामणने पाना टेबलावर ठेवला. "मी जगलो तो जनूदादामुळं. माझी पोरं शिकली, नातू बघितला. तुमाला कधी बोललोच नाय मी."

पुतळाबाईने निवळीकडे पाहिलं.

"बोलायला कशाला पायजे? तू बी ऱ्हायला असतास खाली, त माज्या दारात कोन आला असता? तुजा आवाज आयकला का मना वाटतं, ह्यांनी केलं ता फुकट नाय गेलं." तिने पदराने डोळे टिपले. "मीच तुला बोलनार होते. बरा झाला, तू आलास वर."

टेबलावर लेप चढवलेल्या कार्बनची वाटी होती. पुतळाबाईने त्यातले दाणे तळहातावर घेतले, बोटाने हलकेच फिरवले आणि परत वाटीत ठेवले.

सर आले, चहा झाला. हिरामण तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. रिक्षात बसताना तिने डाव्या हाताने दांडा धरला. उजवा तळहात त्या दाण्यांनी काळा झाला होता. तो तिने पुसला नाही, पदराखाली मिटून घेतला.