पेंढ्याची गोधडी

मित्रांनो, दिवसभराच्या उन्हावर तापलेले पाणी सकाळपर्यंत गरम ठेवायचे, या एकाच कामासाठी माझा जन्म झाला. मी सौरबंबाची एक जुनी टाकी. कारखान्यात माझ्या आतल्या भांड्याभोवती फुगून घट्ट होणारा पिवळा फेस (फोम) भरला आणि वर पत्रा चढवला. तो फेस म्हणजे माझे पांघरूण. देवरूखजवळच्या एका वाडीत, कौलारू घराच्या अंगणात, चिऱ्यांच्या चौथऱ्यावर मला बसवले. पहिल्या वर्षी शेजारीपाजारी नळाखाली बोट धरून पाहत आणि चटका बसला की हसत.

बारा पावसाळ्यांत पत्रा गंजला. भोकांतून उंदरांनी फेस कोरून नेला. पहाटेपर्यंत माझे पाणी कोमट होऊ लागले, आणि त्याच वर्षी घरधनी गंगारामबाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. रोज सकाळी सोसेल इतक्या गरम पाण्यात हात शेकून बोटे सोडवायची, नाहीतर ती आखडतील, असे डॉक्टरांनी बजावले. चुलीवरून हंडा उतरवताना त्यांच्या पत्नी प्रेमलाआजींचा पाय एकदा भाजला होता. तेव्हापासून त्यांची सारी भिस्त माझ्यावर.

आंब्याच्या आढीत हात घातला की पेंढ्याचा उबारा लागतो, हे त्यांना ठाऊक. त्यांनी गोणपाटात पेंढा भरून मला गुंडाळले. मुंबईहून त्यांचा मुलगा सम्यक फोनवर हसला, "आये, टाकीला गोधडी शिवतेस काय?"

"मग! तुझ्या बापाला शिवली, तशी हिलाबी शिवली."

आठवडाभर पाणी छान गरम राहिले. बाबांची बोटे थोडी थोडी उघडू लागली.

मग माझा खालचा सांधा गळू लागला. गळती गोणपाटाआड, कुणाला दिसेना. माझ्याकडे बोलायला एक थेंबच होता, आणि तो पेंढा गिळत होता. ओला पेंढा माझी ऊब शोषू लागला. पाणी निवले, तशी आजींनी वरून आणखी पेंढा चढवला. मी आतून ओरडत होते. टाकीचे ओरडणे कोण ऐकणार?

बाबा माझ्याजवळ खुर्चीत बसत. एका सकाळी त्यांनी डावा हात गोणपाटात घातला. ते थबकले. मूठभर ओला पेंढा उपसून त्यांनी आजींपुढे धरला. ओठ हलले, शब्द आला नाही.

"अवो, काय करताव? पेंढा उपसलाव तर पाणी थंड होल!" आजींनी त्यांच्या मुठीतला पेंढा काढला आणि परत माझ्या अंगाशी कोंबला. त्यांचे हात भांडी घासून आधीच ओले होते; पेंढ्याची ओल त्यांना जाणवली नाही.

बाबांनी पुन्हा उपसला. आजींनी पुन्हा कोंबला. तिसऱ्यांदा मात्र बाबांनी हात मांडीवरच ठेवला.

मित्रांनो, टाकीला पांघरूण जरूर घाला. पण आधी तिचे सांधे पाहा, आणि कोरड्या हाताने पांघरूण चाचपत राहा. ओले पांघरूण ऊब राखत नाही, चोरते. आणि न बोलणाऱ्या माणसाने मूठ पुढे केली, तर त्यात काय आहे ते बघा. बाबांच्या उजव्या हाताची तीन बोटे आता उघडत नाहीत. आज ऊन लख्ख आहे, मी दुपारपर्यंत तापेन. उद्या सकाळी मात्र कोमटच असेन.