तळहातावरचं दही

“सकाळपासून पोटात काही गेलं नाही ना?” दीना सिस्टरनं विचारलं.

“न्हाई,” पुष्पावतीनं स्ट्रेचरवरूनच सांगितलं.

शेजारी उभ्या असलेल्या तिच्या आईनं, चांगुणानं, मान खाली घातली. सकाळी बेलापूरहून नगरच्या दवाखान्याला निघताना उंबऱ्यात तिनंच लेकीच्या तळहातावर दही-साखर ठेवली होती. पुष्पावतीला लहानपणापासून दह्याचं वेड. तिनं उरलेली वाटीही चाटूनपुसून साफ केली होती. घरातलं कुणीही महत्त्वाच्या कामाला निघालं, की चांगुणा हातावर दही ठेवायची. परीक्षा असो, बाळंतपण असो, कोर्टाची तारीख असो. शाळेत दुसऱ्यांच्या पोरांची खिचडी शिजवण्यात तिचा जन्म गेला. देण्यासारखं तिच्यापाशी दुसरं होतं काय?

“उपाशी कशापायी ठिवत्यात, बाई?” तिनं हळूच विचारलं.

“ही नळी घशातून खाली जाते, मावशी. तिथून हृदय अगदी जवळ. सोनोग्राफीच ही, पण झडप पडद्यावर सगळ्या बाजूंनी दिसते. ती बघत बघत डॉक्टर मांडीच्या शिरेतून फुगा नेतात आणि चिकटलेली झडप मोकळी करतात. गुंगीत पोटातलं वर येऊन श्वासात गेलं, तर जिवावर बेतायचं.”

स्ट्रेचर आत न्यायला लागले, तशी चांगुणा ओरडलीच, “थांबा! म्या दही दिलंय तिला!”

पुष्पावती आईकडे बघतच राहिली. “आई, ते काय खानं हाय व्हय?”

झडपेचे डॉक्टर पुण्याहून महिन्यातून एकदाच यायचे, पाहुण्यासारखे. दुपारी त्यांना परत निघायचं होतं. पोट रिकामं होईपर्यंत थांबायला त्यांना वेळ नव्हता. “पुढच्या महिन्यात आणा,” म्हणाले आणि चहा घ्यायला गेले. चांगुणा खरं बोलली, त्याचं फळ एवढंच.

पुढचा महिना पुष्पावतीला दिसला नाही. एका सकाळी तिला दम लागला. नगरला न्यायला टेम्पो काढला, तो राहुरीपर्यंतही पोचला नाही.

दहाव्याला जावई भागवत सगळ्यांदेखत म्हणाला, “तुमच्या दह्यानं मारलं तिला. आन् दिलंच हुतं, तर गप तरी बसायचं!”

चांगुणा काही बोलली नाही. बोलून बघितलं होतं तिनं एकदा.

पुष्पावतीची मुलगी मोनिका आता आजीपाशीच राहते. घरात दूध असतं, पण त्याला विरजण लागत नाही. बारावीच्या पहिल्या पेपरला निघताना मोनिका उंबऱ्यात थांबली आणि सवयीनं तिनं हात पुढं केला.

चांगुणा आत गेली नाही. नातीचा रिकामा तळहात तिनं आपल्या दोन्ही हातांत धरला, एकेक बोट दुमडून त्याची मूठ केली आणि म्हणाली, “जा, बाळा. यष्टी जाईल.”