एका पडद्याचं जाकीट

त्या थंडीत ज्याला त्याला मखमलीचं वेड लागलं होतं. दुकानांच्या काचांमागे मखमल, बसच्या रांगेत मखमल, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावणारी मुलगीसुद्धा मखमलीत. लागायचं ते लागो बापडं. पण धाकटीला नोकरी मिळाली ती नेमकी मोठ्या दुकानातल्या अत्तरांच्या काउंटरवर, आणि तिथल्या मुख्य बाईंनी बजावलं, "सोमवारी येताना अंगावर मखमलीचं काहीतरी हवं. ज्याचं त्यानं आणायचं. पहिल्या दिवशी बघीन, शोभलीस तर ठेवीन."

नवं जाकीट घ्यायचं तर पहिला पगार हातात यायच्या आधीच उडाला असता.

"माझ्यावर सोड," ताई म्हणाली. आई गेल्यापासून धाकटीची आई न् बाप दोन्ही तीच होती. कपडे अल्टर करून देणाऱ्या दुकानात तिची वीस वर्षं गेली होती. पँट आखूड कर, चेन बदल, कंबर सैल कर, हेच. पण हाताला वळण होतं आणि त्याचा तिला थोडा तोराही होता. एक सभागृह बंद पडलं होतं, तिथलं सामान विकायला काढलं होतं. तिथून तिनं खिडकीचा एक मखमली पडदा अगदी स्वस्तात उचलला. जांभळा, जाड, आणि जेमतेम पुरेल एवढा.

रविवारी ताईसाहेब कात्री घेऊन बसल्या. सवय वीस वर्षांची: कापड आडवं दुमडायचं, वरच्या टोकाला खालचं टोक भिडवायचं आणि डावा-उजवा तुकडा एकदमच कापायचा. चिंधीसुद्धा वाया जात नाही. पाठही दोन तुकड्यांत काढली. उलट्या बाजूनं शिवत गेली, संध्याकाळी दिव्याच्या उजेडात बटणं लावली आणि समाधानानं झोपली.

सोमवारी सकाळी धाकटी जाकीट घालून खिडकीपाशी उभी राहिली आणि ताईच्या तोंडचं पाणी पळालं. डावी बाजू पिकल्या जांभळासारखी गडद, उजवी धुऊन धुऊन विटल्यासारखी फिकट.

"अगं, मखमलीला लव असते," ताई कपाळाला हात लावून म्हणाली. "आडवं दुमडलं की अर्ध्या तुकड्यांची लव उलटी जाते, आणि उलट्या लवेचा रंग वेगळा दिसतो. एवढं साधं मला सुचू नये? काढ ते. तुझा स्वेटर घाल."

"स्वेटरवर गेले तर दारातूनच परत पाठवतील," धाकटी म्हणाली. आरशात एकदा बघितलं, बटणं लावली आणि गेली.

आपल्या दुकानात ताईचं चित्त कुठलं लागतंय! दोन पँटी आखूड केल्या, त्यातली एक चुकीची. शेवटी तासाभराची सुट्टी मागून ती तडक त्या मोठ्या दुकानात गेली आणि मोज्यांच्या स्टँडआड उभी राहिली. कुणी विचारलंच तर त्या मुलीला आपण ओळखत नाही असं सांगायचं, हे तिनं वाटेतच ठरवलं होतं. पोरीला आपल्यापायी आणखी खाली बघायला लागू नये.

समोर मुख्य बाई धाकटीभोवती फिरत होत्या. "हे दोन रंग कुठून आणलेस?"

"एकच कापड आहे, बाई. हात फिरवून बघा. ताईनं कापड पुरावं म्हणून आडवं दुमडून कापलं, त्यात अर्ध्याची लव उलटी गेली."

ताईला वाटलं, धावत जाऊन हिच्या तोंडावर हात ठेवावा. फॅशन आहे म्हणावं ना गं, खोटं बोलायला काय पैसे पडतात?

बाईंनी पाठीवरून तळवा फिरवला, वर, मग खाली. बराच वेळ. "एखादी बाही चुकली असती तर घरी पाठवलं असतं तुला," त्या म्हणाल्या. "इथे डावीकडचा एकूण एक तुकडा एकाच रंगाचा, उजवीकडचा दुसऱ्या. चुकावं तर माणसानं असं शिस्तीत चुकावं. कोपऱ्यात नको, मधोमध उभी राहा. उद्याही हेच घाल."

उद्याही! ताईचा जीव भांड्यात पडला. आणि इतका जोरात पडला की तिनं आधाराला मोज्यांचा स्टँड धरला, तो गरकन फिरला आणि मोज्यांचे पाचपन्नास जोड फरशीवर पसरले.

सगळं दुकान वळून बघायला लागलं. धाकटी काउंटर सोडून आली, खाली बसून मोजे गोळा करायला लागली, आणि मान वर न करताच मुख्य बाईंना म्हणाली, "ही माझी ताई. जाकीट हिनंच शिवलंय."

बाई ताईकडे बघत होत्या. ताईच्या दोन्ही हातांत मोजे होते आणि डोळे भरून आले होते.

"हो," ताई म्हणाली, "मीच शिवलंय."